प्रवेशस्तरीय डिजिटल कॅमेरा

प्रवेशस्तरीय डिजिटल कॅमेरा हा हौशी व नवशिक्या छायाचित्रकारांसाठी तुलनेने कमी किमतीत तयार केला जाणारा डिजिटल कॅमेऱ्यांचा वर्ग आहे. लेन्स बदलता येणारे लहान डीएसएलआर व मिररलेस कॅमेरे, तसेच लेन्स कायमची जोडलेले सुपरझूम आणि खिशात मावणारे कॅमेरे यांचा या वर्गात सामान्यतः समावेश केला जातो. या वर्गाची काटेकोर तांत्रिक व्याख्या नाही. तो मुख्यतः किमतीवरून आणि निर्मात्याने आपल्या उत्पादनांना दिलेल्या क्रमावरून ओळखला जातो. कॅनन कंपनीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत हा क्रम नावातील अंकांतच दिसतो: अंक जितके जास्त तितकी पायरी खालची. ५डी हे व्यावसायिक वापराचे यंत्र, ८०डी मधले, तर १५००डी नवशिक्यासाठी. मोठा आकडा म्हणजे वरचा कॅमेरा, असा समज करून घेऊन दुकानात जाणाऱ्या ग्राहकाची यात हमखास फसगत होते.

पार्श्वभूमी

फिल्मच्या काळात भारतातील हौशी छायाचित्रकाराचा पहिला कॅमेरा बहुधा आग्फा क्लिक ३ असे. बडोद्यात तयार होणाऱ्या या साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर बारा चौरस छायाचित्रे येत. कॅमेरा स्वस्त असला, तरी फिल्म, ती धुणे आणि कागदावर प्रत काढणे यांचा खर्च प्रत्येक छायाचित्रामागे होत राही. त्यामुळे शिकण्यासाठी मुक्तपणे चुका करण्याची मुभा नव्हती. डिजिटल तंत्राने हा हिशेब उलटा केला. खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीलाच होतो, पुढचे प्रत्येक छायाचित्र जवळपास फुकट पडते. पहिल्या खरेदीच्या निर्णयाला आज जे महत्त्व आले आहे, त्याचे मूळ या बदलात आहे.

ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते. त्यातून १०० × १०० बिंदूंचे कृष्णधवल चित्र मिळे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरवण्यास २३ सेकंद लागत. कोडॅकनेच १९९१ मध्ये निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा विक्रीस आणला. त्याचे साठवण-यंत्र वेगळे असून ते खांद्याला अडकवावे लागे. निकॉन डी१ (१९९९) मुळे वृत्तछायाचित्रकार डिजिटलकडे वळले. परंतु हौशी माणसाला तोही परवडणारा नव्हता.

ही कोंडी २००३ मध्ये फुटली. कॅनन ईओएस ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा अमेरिकेत लेन्सशिवाय ८९९ डॉलरला मिळू लागला, आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा प्रथमच हजार डॉलरच्या आत आला. त्यातील संवेदक कंपनीच्या महाग ईओएस १०डी मधल्या संवेदकाच्या तोडीचा होता. फरक राखण्यासाठी काही सोयी केवळ आज्ञावलीतून बंद ठेवल्या होत्या. काही हौशी वापरकर्त्यांनी बदललेली आज्ञावली घालून त्यांतील अनेक सोयी पुन्हा चालू करून घेतल्या. स्वस्त कॅमेऱ्यातील उणिवा नेहमीच उत्पादनखर्चातून येतात असे नाही, त्यांतल्या काही वरच्या श्रेणीची विक्री सांभाळण्यासाठी ठेवलेल्या असतात, हे या प्रकरणातून उघड झाले.

पुढे निकॉनचे डी७० (२००४) व डी४० (२००६), पॅनासॉनिक ल्युमिक्स जी१ (२००८) हा मायक्रो फोर थर्ड्‌स पद्धतीचा पहिला मिररलेस कॅमेरा आणि सोनी ए६००० (२०१४) यांनी हा वर्ग रुंदावला. कॅमेरा उत्पादकांच्या जपानी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर हा आकडा २०२३ पर्यंत ८० लाखांच्याही खाली आला. या घसरणीचा सर्वांत मोठा फटका स्वस्त कॅमेऱ्यांनाच बसला. निर्मात्यांनी नवे संशोधन महाग मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवले. निकॉन डी३५०० (२०१८) सारखा लोकप्रिय डीएसएलआर उत्पादनातून बाहेर पडला आणि त्याच्या किमतीच्या जवळपास बसणारा नवा पर्याय मिळेनासा झाला.

संवेदकाचा आकार

कॅमेऱ्याच्या चित्रगुणवत्तेचा, विशेषतः कमी प्रकाशातील गुणवत्तेचा, सर्वांत जवळचा संबंध संवेदकाच्या क्षेत्रफळाशी असतो. फुल-फ्रेम संवेदक ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. प्रवेशस्तरीय डीएसएलआर व बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांतील एपीएस-सी संवेदक निकॉन, सोनी व फुजीफिल्म यांच्याकडे साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, तर कॅननकडे किंचित लहान असतो. मायक्रो फोर थर्ड्‌स संवेदक १७.३ × १३ मिलिमीटर भरतो. स्वस्त सुपरझूम कॅमेऱ्यांत बहुधा आढळणारा १/२.३ इंची संवेदक मात्र सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. एपीएस-सी संवेदकाचे क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ तेरापट आहे.

इंचांत सांगितलेल्या या मापांबाबत एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याला एक इंची संवेदक म्हणतात त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते. तो १३.२ × ८.८ मिलिमीटर असून त्याचा कर्णही सुमारे १६ मिलिमीटरच भरतो. ही मापे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून आलेली आहेत. त्या नळ्या केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण माप टिकून राहिले, कदाचित ते ऐकायला मोठे वाटते म्हणूनही.

संवेदक लहान असला की त्याच लेन्समधून दृश्याचा लहान भाग टिपला जातो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स फुल-फ्रेमवरील ७५ ते ८० मिलिमीटर लेन्सइतका दृश्यकोन देते. दूरच्या पक्ष्यासाठी हे सोयीचे, तर वाड्याच्या अरुंद चौकात उभे राहून चारही सोपे टिपू पाहणाऱ्यासाठी गैरसोयीचे ठरते.

मेगापिक्सेल

जाहिरातींत सर्वांत ठळक छापला जाणारा मेगापिक्सेलचा आकडा खरेदीच्या निर्णयात बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ६००० × ४००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या मापाने त्याची २० × १३ इंचांची प्रत निघते. ८ × १० इंचांच्या प्रतीला ७.२ मेगापिक्सेल पुरतात, तर ४के दूरचित्रवाणी संच ८.३ मेगापिक्सेलपेक्षा अधिक तपशील दाखवूच शकत नाही. शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी लांबी-रुंदीतील बिंदू सुमारे १.४ पटच वाढतात. चित्र कापून त्यातील लहानसा भाग वापरायचा असेल तेव्हा जादा मेगापिक्सेलांचा उपयोग होतो, मात्र लेन्स तितकी रेखीव असेल तरच.

लेन्स व माउंट

प्रवेशस्तरीय कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स मिळते. हिचे सर्वांत मोठे प्रकाशछिद्र रुंद टोकाला एफ/३.५ व लांब टोकाला एफ/५.६ असते. दिवसा उजेडी निसर्गदृश्ये व प्रवासाची छायाचित्रे यांसाठी ती पुरेशी असते. लग्नाच्या सभागृहात, देवळाच्या गाभाऱ्याजवळ किंवा संध्याकाळी घरात मात्र तिची मर्यादा लगेच जाणवते. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावल्यास संवेदकावर एफ/५.६ च्या सुमारे ९.७ पट प्रकाश पडतो. जेथे ३२०० आयएसओ वापरून चित्रात रवाळपणा पत्करावा लागला असता, तेथे ४०० आयएसओ पुरतो. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. त्यामुळे ठरावीक रकमेत वरच्या श्रेणीचा कॅमेरा व किट लेन्स घेण्यापेक्षा खालच्या श्रेणीचा कॅमेरा, किट लेन्स आणि अशी एक लेन्स घेणे अनेकदा अधिक फलदायी ठरते. पाच-सहा वर्षांत कॅमेरा जुना होतो, पण चांगली लेन्स सांभाळून वापरल्यास पुढच्या कॅमेऱ्यावरही चालते.

ती चालेलच असे मात्र नाही. कॅमेरा विकत घेणारा प्रत्यक्षात एक माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची विशिष्ट रचना, निवडत असतो. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासून, तर कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासून वापरात असल्याने त्यांच्या जुन्या लेन्स मुबलक व स्वस्त मिळतात. कॅननने २०१२ मध्ये मिररलेससाठी ईएफ-एम हे माउंट आणले. त्यानंतर २०१८ मध्ये आरएफ हे वेगळे माउंट काढले आणि काही वर्षांत ईएफ-एमचे उत्पादन बंद केले. ईएफ-एममध्ये माउंटपासून संवेदकापर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर, तर आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे. मध्ये जोडकडे बसवायला जागाच उरत नसल्याने ईएफ-एम लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नीट वापरता येत नाहीत. उलट, डीएसएलआरच्या ईएफ लेन्ससाठी हे अंतर ४४ मिलिमीटर असल्याने त्या जोडकड्याद्वारे आरएफ कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात. म्हणजे ज्यांनी २०१५ च्या सुमारास नवीन म्हणून ईएफ-एम घेतले त्यांची गुंतवणूक अडकली, आणि जुन्या पद्धतीच्या ईएफ लेन्स घेणाऱ्यांची वाचली.

एकाच माउंटमध्येही अडचणी संभवतात. निकॉन डी४० आणि पुढील डी३००० व डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत लेन्स फिरवणारी मोटर नाही. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या निकॉन लेन्स त्यांवर बसतात, पण आपोआप केंद्रित होत नाहीत. जुन्या बाजारात स्वस्त मिळालेली ५० मिलिमीटर लेन्स घरी आणल्यावर हाताने फिरवावी लागते, हा अनुभव अनेकांना येतो. कॅनन ३०००डी (२०१८) मध्ये किंमत खाली आणण्यासाठी धातूऐवजी प्लॅस्टिकचे माउंट दिलेले आहे. हलक्या किट लेन्सला ते पुरते. जड लेन्स वारंवार बदलणाऱ्याला मात्र त्याचा विचार करावा लागतो.

डीएसएलआर व मिररलेस

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते. मिररलेस कॅमेऱ्यात संवेदकानेच टिपलेले दृश्य पडद्यावर अथवा इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शकात दिसते. चित्र उजळ येणार की काळवंडणार हे मिररलेसमध्ये कळ दाबण्यापूर्वीच दिसत असल्याने नवशिक्याला उद्भासन समजणे सोपे जाते. डोळे ओळखून त्यांवर केंद्रित होणे व चित्रफीत घेणे यांतही मिररलेस सरस आहे. विजेचा वापर हा त्याचा उणा पैलू. निकॉन डी३५०० एका बॅटरीवर प्रमाणित चाचणीनुसार १,५५० चित्रे घेतो, तर लहान मिररलेस कॅमेऱ्यांची मजल बहुधा तीन-चारशे चित्रांपर्यंत असते. दोन दिवसांच्या गडभ्रमंतीत, जेथे वीज मिळण्याची खात्री नसते, हा फरक मोठा ठरतो. अगदी खालच्या श्रेणीतील मिररलेसमध्ये बऱ्याच आधुनिक सोयी वगळलेल्याही असतात. उदाहरणार्थ, कॅनन आर१०० (२०२३) चा पडदा वळत नाही आणि स्पर्शाला प्रतिसादही देत नाही.

विषयानुसार निवड

कोणता कॅमेरा परवडणारा, याचे उत्तर विषयावर अवलंबून असते. उजनी जलाशयाच्या काठी भिगवण येथे हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी टिपू पाहणाऱ्याचा खरा खर्च कॅमेऱ्यावर नव्हे, तर ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सवर होतो. येथे सुपरझूम कॅमेरा हा स्वस्त मार्ग वाटतो. निकॉन पी९०० (२०१५) मध्ये फुल-फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटरची झेप आहे. पण हा २००० चा आकडा लहान संवेदकामुळे आलेला आहे, लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ३५७ मिलिमीटरच आहे. लांब टोकाला प्रकाशछिद्र एफ/६.५ पर्यंत आक्रसते. लख्ख उन्हात बसलेल्या पक्ष्याचे ओळखीपुरते चित्र तो छान देतो. पहाटेच्या धूसर उजेडात उडणारा थवा हे त्याचे क्षेत्र नव्हे.

कास पठारावरील सीतेची आसवे यांसारखी इवली फुले टिपण्यासाठी खास मॅक्रो लेन्स महाग पडते. तिच्याऐवजी कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब वापरता येते. तिच्यात काच नसते, ती केवळ लेन्सला संवेदकापासून दूर नेते आणि त्यामुळे अधिक जवळून केंद्रित होता येते. या बदल्यात प्रकाश कमी होतो व दूरचे काहीच स्पष्ट होत नाही.

पंढरीच्या वारीसारख्या गर्दीच्या, चालत्या विषयाला मोठ्या यंत्रापेक्षा हलका कॅमेरा व एकच लहान लेन्स अधिक सोयीची असते. वारी पावसाळ्यात असते, आणि प्रवेशस्तरीय कॅमेऱ्यांना पाणी व धूळ रोखणारी बांधणी सहसा नसते. प्लॅस्टिकची पिशवी व रबर यांवर काम भागवले जाते. गडकोट व डोंगररांगांच्या दृश्यांसाठी संवेदकापेक्षा तिपाईचा उपयोग जास्त होतो. हातात धरून छायाचित्र घेताना हालचालीची पुसट टाळण्यासाठी शटरचा कालावधी साधारणपणे समतुल्य नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका किंवा त्याहून कमी ठेवतात. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला हा कालावधी १/३०० सेकंदाच्या आसपास येतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा ही मर्यादा शिथिल करते, मात्र विषयच हलत असेल तर तिचा उपयोग होत नाही.

वापरलेले कॅमेरे

कमी खर्चात चांगली साधने मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे वापरलेली साधने घेणे. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजार ही कॅमेऱ्यांची नावाजलेली बाजारपेठ आहे. वापरलेल्या कॅमेऱ्याचे वय वर्षांपेक्षा शटर किती वेळा उघडले यावरून मोजले जाते. अनेक प्रवेशस्तरीय कॅमेऱ्यांच्या शटरची अपेक्षित मर्यादा एक लाखाच्या आसपास असते. निकॉनच्या चित्रधारिकेत ही संख्या नोंदलेली असते, तर कॅननमध्ये ती वाचण्यासाठी बहुधा वेगळी आज्ञावली लागते. लग्नसमारंभात दोन हंगाम वापरलेला कॅमेरा बाहेरून कोरा दिसूनही शटरच्या दृष्टीने म्हातारा असू शकतो. उलट, हौसेने घेऊन कपाटात पडून राहिलेल्या पाच-सात वर्षे जुन्या कॅमेऱ्याने काही हजार चित्रेच घेतलेली असतात.

कपाटात पडून राहण्याचा धोका वेगळा आहे: बुरशी. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचांवर बुरशीचे तंतू वाढू लागतात. कोकण, गोवा व मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याहून खूप अधिक असते. लेन्समधून उजेडाकडे पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. सुरुवातीची बुरशी साफ करता येते. पुढे ती काचेवरील लेप खाते आणि डाग कायमचे राहतात. किट लेन्सच्या बाबतीत सफाईची मजुरी लेन्सच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकते. कातडी पिशवीत वा मूळ खोक्यात बंद करून ठेवलेली साधने जास्त लवकर बिघडतात, कारण दोन्ही दमटपणा धरून ठेवतात. त्याऐवजी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या व लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखली जाते. जेल ओलावा शोषून घेतल्यावर तापवून पुन्हा वापरता येते. याला लागणारा खर्च किरकोळ असतो.

भारतातील किंमत व हमी

भारतात विकले जाणारे बहुतेक कॅमेरे आयात केलेले असतात. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. अधिकृत वितरणाबाहेरून आणलेले कॅमेरे बाजारभावापेक्षा स्वस्त दिले जातात, पण त्यांना बहुधा निर्मात्याची भारतातील हमी मिळत नाही. दुकानदाराची हमी म्हणून जे दिले जाते त्याची किंमत ते दुकान चालू असेपर्यंतच असते. बिलावर व हमीपत्रावर यंत्राचा अनुक्रमांक नोंदवलेला असणे हा दोहोंतील फरक ओळखण्याचा सोपा मार्ग आहे.

पूरक खर्च

कॅमेऱ्याच्या किमतीखेरीज स्मृतिपत्र, जादा बॅटरी, पिशवी व तिपाई यांचा खर्च येतो. रॉ स्वरूपात २४ मेगापिक्सेलचे एक चित्र २५ मेगाबाइटच्या आसपास जागा घेते, त्यामुळे ६४ गिगाबाइटच्या पत्रावर दोन हजारांहून अधिक चित्रे मावतात. रॉ धारिकेत प्रत्येक बिंदूची तेजस्विता १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांत नोंदली जाते, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चुकलेले उद्भासन किंवा रंग नंतर सुधारण्यास रॉ अधिक वाव देते. रॉवर प्रक्रिया करण्यासाठी डार्कटेबल व रॉथेरपी या मोफत, मुक्तस्रोत आज्ञावल्या उपलब्ध आहेत. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट स्मृतिपत्रे सर्रास विकली जातात. ती स्वतःची क्षमता खोटी सांगतात आणि खरी क्षमता भरल्यावर पुढची चित्रे नष्ट होतात. नवे पत्र संगणकावर एकदा पूर्ण भरून व परत वाचून पाहिल्यास ही लबाडी पहिल्याच दिवशी उघड होते.

स्मार्टफोनशी तुलना

स्मार्टफोन लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे एकत्र करून लहान संवेदकाची उणीव बरीच भरून काढतो. उन्हातील दृश्य, जेवणाचे ताट, मित्रांचा घोळका यांसाठी किट लेन्स लावलेला कॅमेरा फोनपेक्षा ठळकपणे सरस चित्र देईलच असे नाही. केवळ अशाच वापरासाठी कॅमेरा घेणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. दूरचा विषय, वेगवान हालचाल, मंद प्रकाशातील व्यक्तिचित्र, फ्लॅशचा नियंत्रित वापर आणि मोठ्या आकाराची छापील प्रत या ठिकाणी मात्र कॅमेऱ्याचा फरक दिसतो. प्रकाशछिद्र, शटर व आयएसओ ही तिन्ही नियंत्रणे हाताशी असल्याने छायाचित्रण शिकण्यासाठीही तो सोयीचा आहे. बहुतेक फोनमध्ये प्रकाशछिद्र बदलताच येत नाही.